पाहुण्याचा पिंजरा

रियाधमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीत जो तो भारतात पळायचा आणि त्यांची झाडं, मासे, पोपट मागे राहणाऱ्यांच्या गळ्यात पडायचे. त्या वर्षी शेजारच्या वहिनींनी त्यांच्या मुलीचा हॅमस्टर, तो उंदरासारखा गुबगुबीत प्राणी, आमच्याकडे ठेवला. आमच्या घरीही एक होताच.

"वेगळाच ठेवा हं," वहिनी दोनदा म्हणाल्या. मला वाटलं, संकोचाने म्हणतायत. चहा विचारला की आपण आधी "नको, नको" म्हणतो ना, तसं. पाहुण्याला एकटं कोपऱ्यात बसवायचं? छे! मी शहाण्याने हौसेने दोन्ही पिंजरे प्लॅस्टिकच्या नळीने जोडले आणि ऑफिसला गेलो.

संध्याकाळी नळीत रक्त होतं. आमच्या हॅमस्टरने पाहुण्याचा डोळा फोडला होता. मी नळी काढली, भोकांना पुठ्ठे लावले. वहिनींचा फोन आला तेव्हा "मजेत आहे" म्हणालो.

त्या परतल्या त्या आमच्यासाठी घरच्या चकल्या घेऊन. मुलीने पिंजऱ्यात पाहिलं आणि निघून गेली.

"असू दे भावजी, चालायचंच," वहिनी म्हणाल्या.

हे मात्र निव्वळ औपचारिक बोलणं होतं, आणि या वेळी मला ते बरोबर कळलं.