टँकरची कॅसेट

ब्राझीलच्या एका संगीतकाराची कॅसेट केज तालुक्यातल्या आमच्या गावात आली ती उसामुळे. साखर कारखान्याचे एक इंजिनियर तिकडची यंत्रं बघायला गेले होते, तिथून त्यांनी ती आणली. बदली झाली तेव्हा ते मला देऊन गेले, कारण त्यांच्या क्वार्टरमध्ये ती आ वासून ऐकणारा मी एकटाच. मी गावच्या दूध संस्थेचा सचिव. संगीतातलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

दोन्ही बाजूंना रचना एकच, वाजवणारे मात्र वेगळे. एका बाजूला त्याच्या देशातले, दुसऱ्या बाजूला युरोपातले. युरोपवाले इस्त्रीचे कपडे जपत बसल्यासारखे वाजवायचे. ब्राझीलवाले जरा घाई करायचे, ढोल मोकळे सोडायचे. मला तेच आवडायचे. सुरुवातीला पितळी वाद्यं एकदम गर्जतात. मग सगळं शांत होतं आणि सारंगीच्या थोरल्या भावंडांसारखी वाद्यं खर्जात गाऊ लागतात. माझा जीव त्या भागात. पण घरच्या टेपला तो खर्ज पेलायचा नाही.

पुढे दुष्काळ पडला. त्यातल्या एका दुपारी संस्थेत कोणी नव्हतं. मी कॅसेट संस्थेच्या टेपला लावली आणि हौसेनं भोंगा चालू केला. दुधाच्या वेळी भोंग्यावर भजन लागायचं; एरवी भोंगा वाजला की टँकर आला, हा गावचा नेम. तो मीच घालून दिला होता आणि मीच विसरलो. खर्ज सुरू व्हायच्या आत अर्धं गाव घागरी, कळश्या, डबे घेऊन दारात हजर. सगळ्यात पुढे माझी बायको. पळताना पडल्यानं तिचं कोपर खरचटलं होतं, घागर चेमटली होती.

"टँकर कुठं हाय?"

मी धावत जाऊन भोंगा बंद केला.

"मग ह्ये कावून लावलं? पुन्यांदा ह्ये बाजं वाजलं तर टेप आडात टाकीन. तसा बी आड कोरडाच हाय."

लोक हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संस्थेच्या चेअरमननी वेगळंच काढलं. लग्नसराईचे दिवस, मांडवातल्या भोंग्यावरची सिनेमाची गाणी ऐकून बाया टँकर समजून फसायच्या. ते म्हणाले, "ह्ये बाजं कुण्या मांडवात वाजणार न्हाई. आजपासून टँकरला ह्येच लावा. गाव जमलं की बंद करा, बॅटरी उतरती."

झालं! रोज सगळ्या गावाला ब्राझील ऐकू जाऊ लागला, आणि मला ऐकता येईना. पितळ गर्जलं की लोक धावायचे, मी बटण दाबायचो आणि कॅसेट मागे फिरवून ठेवायचो. घरी हळू आवाजात लावावी, तर शेजारीण घागर घेऊन अंगणात. माझ्याच कॅसेटचा पुढचा भाग मी महिनोन्‌महिने ऐकला नाही. पाण्यापुढे हे दुःख काय सांगायचं, म्हणून कुणाला सांगितलंही नाही. पण होतं.

पुढच्या वर्षी आडाला पाणी आलं आणि टँकर बंद झाला. मी कॅसेट घरी आणली. एका संध्याकाळी दार लोटून लावली. सुरुवात झिजून खरखरत होती. पुढे मात्र फीत नवी करकरीत. घरच्या टेपवर का होईना, खर्ज सुरू झाला आणि मला भरून आलं.

डोळे पुसून बघतो तर बायको दारात. हातात तीच चेमटलेली घागर. आड भरलेला होता, तरी सवयीनं हात घागरीकडे गेलाच असणार. आता ही टेप उचलते, असं मला वाटलं. ती उंबऱ्यावर बसली. ढोल मोकळे सुटले, पुन्हा खर्ज आला, संपलं.

"अवो," ती म्हणाली, "एवढं समदं होतं व्हय पुढं? आमी तर रोज सुरवातीलाच पळत सुटायचो."

मी कॅसेट उलटली. तीच रचना तिनं इस्त्रीवाल्यांचीही शेवटपर्यंत ऐकली, रिकामी घागर मांडीशी धरून.