पाच रविवार आणि एक पौर्णिमा

लहानू रामटेके यांनी रायपूरच्या रेल्वे कार्यालयात चौतीस वर्षे इतरांच्या रजा मोजल्या. हुद्द्याने ते साधे मुख्य लिपिक होते. दरारा मात्र हुद्द्याला न शोभण्याइतका मोठा होता. कोणाची रजा केव्हा सुरू झाली, कोठे संपली आणि मधला रविवार कोणाच्या पदरात पडला, याविषयी त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. एक दिवस उशिरा हजर होणाऱ्याकडून ते लेखी स्पष्टीकरण घेत आणि समासात तांबड्या शाईने तीन हिंदी शब्द लिहीत : ‘कारण संतोषजनक नहीं’. कार्यालयात त्यांच्या पाठीमागे त्यांचा उल्लेख ‘संतोषजनक साहेब’ असाच होत असे.

निवृत्तीनंतर त्यांनी शहराबाहेर, उरला या लोखंडी कारखान्यांच्या वसाहतीच्या बाजूला घर बांधले. स्वस्त जागा आणि भट्ट्यांची काळी धूळ त्यांना एकाच खरेदीखताने मिळाली. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया संध्याकाळपर्यंत राखाडी होत, आणि तीच धूळ त्यांच्या पत्नी मीराबाईंच्या छातीत बसली. समता कॉलोनीतल्या डॉक्टरांनी दम्याचा पंप लिहून दिला आणि जाता जाता, ‘हवा बदलकर देखिए,’ असेही म्हटले. डॉक्टर हे सर्वांनाच म्हणत. लहानूजींनी मात्र त्याचा लेखी आदेशाइतका मान राखला आणि पर्यटक व्हिसा काढून ते पत्नीसह श्रीलंकेला गेले. अनुराधापूरच्या बोधिवृक्षाचे दर्शन झाले. पुढे कँडीजवळच्या मातले गावी दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. तेथे मीराबाईंचा पंप पिशवीच्या तळाशी गेला, तो वर आलाच नाही. पुढचे आयुष्य येथेच काढायचे, हे दोघांनी तिसऱ्या आठवड्यात ठरवले. त्या देशात परदेशी वृद्धांना राहण्याचा वेगळा परवाना मिळतो, ही माहितीही घरमालकांनी पुरवली.

परतीच्या दिवशी विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पारपत्रे उलटसुलट करून पाहिली.

“तुमची तीस दिवसांची मुदत सहा दिवसांपूर्वी संपली आहे.”

लहानूजींनी शांतपणे खिशातली डायरी काढली. कार्यालयीन इंग्रजीत त्यांनी खुलासा केला की, मधले पाच रविवार मोजण्याचे कारण नाही. शिवाय एका पौर्णिमेला या देशात सरकारी सुट्टी होती, तीही वजा जाते. सबब आजचा दिवस तिसावा. अधिकाऱ्याने हे अत्यंत आदराने ऐकले. मग शेजारच्या खिडकीतल्या सहकाऱ्याला बोलावून पुन्हा एकदा ऐकले. त्यानंतर दोघांनी मिळून दंड घेतला आणि पारपत्रांवर अधिक वास्तव्याची नोंद केली. विमानात मीराबाई एवढेच म्हणाल्या, “मी म्हटलं होतं, तीस म्हंजे तीस.”

खरी अडचण पुढे आली. वृद्धांच्या परवान्याच्या अर्जात एक रकाना होता : ‘यापूर्वी मुदतीपेक्षा अधिक काळ राहिला आहात काय? असल्यास कारण लिहा.’ कारण पटले नाही तर अर्ज फेटाळला जाणार, हे तळटिपेत स्पष्ट होते. अर्ज फेटाळला गेला, तर मातलेही नाही आणि तिथली हवाही नाही. इकडे पंप पिशवीच्या तळातून उशाशी आला होता.

“पापा, मेडिकल लगा दो ना,” मुलगी दीपमाला म्हणाली. तिला मराठी सगळी समजे. उत्तर मात्र ती हिंदीतच देई. “सब लगाते हैं.”

“मेडिकल? त्या सर्टिफिकेटाचा वास मले तीन टेबलांवरून येत होता. त्याईले काहून येनार नाही?”

“मंग खरं लिहा ना, अवो,” मीराबाई म्हणाल्या.

“खरं लिहिलं तं हसतीन.”

“हसू द्या. हसून राहिलेला मानूस नाही म्हनत नाही लवकर.”

लहानूजींनी चार मसुदे लिहिले. प्रत्येक मसुदा वाचताना त्यांचा हात सवयीने तांबड्या पेनाकडे जाई, आणि पाचव्याच्या आधी त्यांना कळून चुकले की, आपण फक्त नाकारण्याची विद्या शिकलो; मान्य होईल असे लिहिण्याची विद्या टेबलाच्या पलीकडे उभ्या असलेल्यांकडे होती. तेव्हा ते पंडरीच्या बाजारात गेले. तेथे शेखर डोर्ले आपल्या जावयाच्या कापडाच्या दुकानात बसत असे. नोकरीत असताना लहानूजींना सर्वाधिक स्पष्टीकरणे याच कनिष्ठ लिपिकाने दिली होती.

“जयभीम, साहेब! बसा. तो गठ्ठा सरकवा तिकडं.”

“शेखर, एक स्पष्टीकरण लिहून पायजे.”

“कोनाचं?”

“मायं.”

शेखरने चष्मा काढून पुसला. “पुन्हा सांगा, साहेब. जवाईबापू, तुमीबी आयका.”

लहानूजींनी सर्व सांगितले. पाचव्या रविवारापाशी शेखर गादीवर आडवा झाला.

“साहेब, तुमी सीएल धरली! ते तं ईएल होती!”

त्या कार्यालयात हा भेद चहावाल्या पोरालाही ठाऊक होता : सीएल म्हणजे किरकोळ रजेतले रविवार मोजत नाहीत, ईएल म्हणजे अर्जित रजेतले मोजतात.

“सहल होती नं,” लहानूजी पुटपुटले. “सहल म्हंजे किरकोळच.”

“अन् गोंदियाले माया बहिनीचं लगन होतं, तवा? मीबी मधला इतवार सोडला अन् एक दिवस लेट आलो. काय लिहिलं होतं तुमी?”

लहानूजींनी सरकवलेला गठ्ठा पुन्हा सरकवला. तीन शब्द दोघांनाही पाठ होते, आणि त्या शब्दांपायी कापलेला एका दिवसाचा पगारही.

“लिहा,” शेखर म्हणाला. “अर्जदारानं जन्मभर रजा मोजल्या, म्हनून व्हिसाबी रजेसारखा मोजला. पाच रविवार आनि एक पौर्णिमा वगळली. चूक अर्जदाराची. पत्नीनं तीस म्हंजे तीस असं आधीच सांगितलं होतं.”

“हे शेवटचं काहून?”

“खरं हाय का नाही?”

“हाय.”

“मंग राहू द्या.”

लहानूजींनी तेच इंग्रजीत उतरवले आणि अर्ज पाठवला. इतरांचे अर्ज महिनोन्‌महिने कपाटात ठेवणारा हा मनुष्य पुढचे सात आठवडे दर तासाला मेल उघडत होता. आठव्या आठवड्यात उत्तर आले : दोन वर्षांचा परवाना मंजूर. खाली अधिकाऱ्याची एक ओळ होती, ‘स्पष्टीकरण मान्य, यापुढे रविवार मोजावेत.’ मीराबाईंनी ते पत्र दीपमालाकडून दोनदा वाचून घेतले. मग पंप आणि तवा, दोन्ही एकाच पेटीत भरले.

निघण्याच्या आदल्या दिवशी लहानूजी पंडरीला गेले. खिशातून एक कोरा कागद काढून त्यांनी त्यावर शेखरचे नाव, गोंदियाच्या लग्नाची तारीख आणि खाली तांबड्या शाईने दोन शब्द लिहिले : ‘कारण संतोषजनक’. सही केली. निवृत्त माणसाच्या त्या सहीला कोणत्याही कार्यालयात काडीची किंमत नव्हती, हे दोघेही जाणून होते.

शेखरने कागद उजेडात धरला, उलटून मागची बाजू पाहिली आणि पुन्हा सुलटा केला.

“शिक्का कुठं हाय, साहेब?”