गिरजाबाईची ओंजळ

ही गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. पुण्यात एका मैत्रिणीला सांगायला गेले होते, पण तिथंही सोपा भाग सांगितला आणि थांबले. तिला वाटलं, एवढंच ना? मीही मान डोलावली. एवढंच.

तेव्हा आज सोप्या भागानं सुरुवात करते. अवघड भागापाशी पोचेन की नाही, माहीत नाही.

केज तालुक्यातलं आमचं गाव. माझे आजोबा, अण्णा, गावच्या सोसायटीचे चेअरमन होते. बहात्तरच्या दुष्काळानंतर मुंबईची काही माणसं गावात आली आणि त्यांनी सहकारावर एक छोटी चित्रफीत केली. खऱ्या माणसांची नव्हे, हलत्या चित्रांची. त्यांचा चित्रकार बरेच दिवस आमच्या ओसरीवर राहिला. खडी फोडलेल्या बायकांचे, म्हाताऱ्यांचे, बैलांचे चेहरे कागदावर उतरवून गेला. पुढं ती फीत गावोगाव पडद्यावर दाखवली गेली. काम झाल्यावर तिची मूळ चित्रं त्यानं अण्णांकडे पाठवून दिली. मुंबईत राहिली असती तर धुऊन पुन्हा वापरली असती म्हणे. सेल्युलॉइडचे पारदर्शक पत्रे, पुढून काळ्या शाईची रेघ, मागून रंग. गावानं त्याला काचकागद नाव दिलं. सोसायटीच्या सभेत अण्णांनी ते सभासदांना वाटून टाकले. ज्याच्या घरातलं माणूस चित्रात, त्याला ते चित्र.

आमच्या घरी एक बैल आला. मी लहानपणापासून तो खिडकीत बघत आले. सकाळी ऊन आलं की भिंतीवर तांबूस बैल उभा राहायचा.

मी औरंगाबादला इंग्रजी शाळेत शिकले, मावशीकडे राहून. सुट्टीत गावी आले की मला काय बोलावं सुचायचं नाही. बायका विचारायच्या, मी हसायचे. गावातली पारूमावशी, नात्यातली नव्हे, नुसती म्हणायची मावशी; तिचा नवरा सगळ्यांदेखत म्हणायचा, "तिला बोलवू नका रे, बोलली की फी पडती तिला." सगळे हसायचे. मीही हसायचे – आणि त्यातला प्रत्येक शब्द ध्यानात ठेवायचे.

कॉलेज संपवून मी घरी परतले ते नेमकं टँकरच्या वर्षात. शेतात काही नव्हतं, घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. करायला काही नाही म्हणून मी त्या बैलाचा फोटो इंटरनेटवर टाकला. परदेशातल्या एका संग्राहकाचा मेल आला. जुन्या ॲनिमेशनपटांची मूळ चित्रं तो विकत घेत असे. त्यानं मला इतकं काही विचारलं! रंग कुठले, रेघ कुणाची, मागचं दृश्य कोणतं. मी उत्तरं लिहिली. लांबलचक, ठाम, अधूनमधून विनोदीसुद्धा. त्या मेलमधली मुलगी मला आवडायला लागली. ती घाबरत नव्हती. तिला नजर आहे, असं त्यानं लिहिलं होतं. मला तोवर असं कोण म्हणालं होतं?

बैल मी विकला. तो आमचाच होता, त्याचं मला काही वाटत नाही. मग त्यानं विचारलं, माणसांची चित्रं आहेत का? बायकांची?

होती. पारूमावशीच्या आईचं होतं. गिरजाबाईचं.

इथं मला जरा समजावून सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. हलत्या चित्रात एक माणूस कधीकधी दोन पत्र्यांवर काढतात. जे हलत नाही ते खालच्या पत्र्यावर आणि हलणारं वरच्यावर. गिरजाबाई फितीत ओंजळीनं पाणी पिते. तिचं अंग आणि पाण्यानं भरलेली ओंजळ एका पत्र्यावर, खाली वाकलेला चेहरा दुसऱ्यावर. चेहऱ्याचा पत्रा अण्णांनी तिच्या थोरल्या मुलीला दिला, पारूमावशीला. ओंजळीचा धाकटीला, सखूमावशीला. गिरजाबाई ती फीत बघायला राहिली नाही. तिचा फोटो कुणी कधी काढला नव्हता. ते दोन काचकागद, एवढीच ती उरली होती.

सखूमावशी लग्न होऊन मांजरसुंब्याला गेली. तिथं ती एका ढाब्यावर भाकऱ्या थापायची. दोघी बहिणी दर आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एकत्र यायच्या. आखितीला आमच्याकडे पितरांच्या नावानं मातीचा करा पाण्यानं भरून पुजतात. या दोघी तेवढ्यावर भागवत नसत. दारात उजेडासमोर उभ्या राहून आधी सखूमावशी ओंजळ धरायची, मग पारूमावशी तिच्यावर चेहरा ठेवायची. दोन्ही पत्रे नीट बसले की आई पाणी प्यायची. तोवर घरात कुणी पाण्याला तोंड लावायचं नाही. मी हे लहानपणी पाहिलं आहे. पारूमावशी पुटपुटायची, "पी माय, पोटभर पी."

हे सगळं मला माहीत होतं. अजाणतेपणी केलं असं मी म्हणू शकत नाही – हे आधीच सांगून टाकते.

त्या संग्राहकाला दोन्ही पत्रे हवे होते. सुटे नकोत, पूर्ण आकृती हवी. मी पारूमावशीला गाठलं ते चारा छावणीत. जनावरांपाशीच तिचा मुक्काम होता, साडीचा आडोसा करून. मी तिला म्हणाले की मुंबईत एक म्युझियम होतंय. आपल्या गावची चित्रं तिथं काचेत लावणार आहेत. गिरजाबाईचं लावायचं ठरलंय, खाली नाव घालून.

कुणी शिकवलं नव्हतं मला. म्युझियम हा शब्द तोंडातून आपोआप आला. आणि एकदा आला की पुढचं किती सहज जुळत गेलं! मी मराठीत इतकी सलग कधी बोललेच नव्हते.

पारूमावशीनं पैशांचं विचारलं नाही, कागदाचं विचारलं नाही. तिनं एकच गोष्ट विचारली. "उजेड येतो का गं तिथं? पाठीमागून उजेड लागतो तिला. न्हाईतर दिसत न्हाई."

येतो, मी म्हणाले.

सखूमावशी मात्र तयार होईना. पारूमावशी स्वतः माझ्याबरोबर जीपमध्ये बसून मांजरसुंब्याला आली. ढाब्याच्या मागं, चुलीपुढं बसल्या बसल्या सखूमावशी पीठ मळत ऐकत राहिली. मग मला म्हणाली, "पावती देशील का काई?"

मी काही बोलायच्या आधीच पारूमावशी कडाडली. "पावती? अण्णाची नात हाय ती! सोसायटीनं कधी आपला दाणा खाल्ला का? लाज न्हाई वाटत, सखे?"

"लाज कावून वाटावी? माय काय तुझ्या येकलीची हाय का?" सखूमावशी म्हणाली. पण उठली. हात धुवायला पाणी नव्हतं म्हणून पिठाचे हात पदराला पुसले आणि पत्रा आणून दिला. माझ्या हातात नाही. बहिणीच्या हातात.

पंधरवड्यात गिरजाबाई देशाबाहेर गेली. त्या माणसानं फोटो पाठवला. सोफ्याच्या वर, दिव्याच्या उजेडात, ती पाणी पीत होती.

मैत्रिणीला मी इथपर्यंत सांगितलं होतं. खोटं बोलून एक चित्र विकलं. वाईट केलं. ती म्हणाली, तू तेव्हा लहान होतीस. मी तिला पुढं काही सांगितलं नाही.

पुढं दोन आखित्या गेल्या. पारूमावशी विचारायची, "कधी नेतीस आमाला बघायला?" मी म्हणायचे, अजून उघडलं नाही, काम चाललंय. तिचा विश्वास बसायचा. सरकारी कामाला उशीर होतो हे तिला मी सांगायची गरज नव्हती. ऊसतोडीला गेली की ती टोळीतल्या बायकांना सांगायची म्हणे, माझी माय मुंबईला म्युझियममधी हाय.

मग सखूमावशी आजारी पडली. पोटात पाणी होत होतं, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. पारूमावशी भर दुपारी आमच्या दारात आली. घरात यायला तयार नव्हती, उंबऱ्यातूनच म्हणाली, "येका दिवसासाठी आणता यील का? सखी म्हणती, येकदा माय जोडून दाखवा. लगीच परत देतो."

माझ्या लॅपटॉपमध्ये दोन्ही पत्र्यांची प्रत होती. स्वच्छ, मोठी. केजला जाऊन तासाभरात छापून आणता आली असती. खरी आई नसती, पण सखूमावशीला दिसली असती. मी तेवढंही केलं नाही. का? प्रत दिली तर कुणी विचारील, प्रत आहे मग चित्र कुठंय – याची भीती. एक बाई मरत होती आणि मी स्वतःला सांभाळत होते. मी म्हणाले, नियमात बसत नाही मावशी, एकदा आत गेलेली वस्तू बाहेर देत नाहीत.

"बरं," ती म्हणाली. "नियम हाय म्हणल्यावर..." आणि उन्हातून परत गेली.

सखूमावशी त्याच आठवड्यात गेली.

दहाव्याला मी मांजरसुंब्याला गेले. जायला नको होतं. पण न जाणं दिसून आलं असतं. मांडवात बायका बसल्या होत्या. सखूमावशीचा मुलगा ट्रकवर कामाला होता, बाहेरचं जग बघितलेला. मला पाहिल्यावर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "आली का म्युझियमवाली? मुंबईत धा जागी विचारलं मी. कुठं न्हाई असलं काई. हिनं इकली माझी आज्जी. इकून खाल्ली."

मी खाली बघत राहिले. गप्प राहायची मला सवय होती, आणि गप्प राहिले असते तरी चाललं असतं. त्यांना खरं काय ते कळलं असतं. तेवढ्यात पारूमावशी उठली. बहिणीच्या दुःखानं तिला नीट उभंही राहता येत नव्हतं. ती माझ्यापाशी आली, माझा हात धरला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"सांग त्याला," ती म्हणाली. "माझ्या डोक्यावर हात ठिवून सांग, न्हाई इकली म्हणून. मग बघते, कोण बोलतंय."

आमच्याकडे अशी खोटी शपथ घेतली तर ज्याच्या डोक्यावर हात असतो ते माणूस जगत नाही. मी ते मानत नाही. पण तिथं बसलेली प्रत्येक बाई मानत होती, आणि पारूमावशी मानत होती. तिनं आपलं डोकं माझ्या हाताखाली दिलं होतं. पदराखाली विरळ केस लागत होते, उन्हानं तापलेले.

मी म्हणाले, "नाही विकली."

आवाज कापला नाही. मेलमधल्या त्या मुलीसारखा ठाम होता.

पारूमावशी भाच्याकडे वळली आणि म्हणाली की आजपासून तू मला मेलास. माहेरच्या रक्ताचं तेवढंच तिला उरलं होतं. त्यानं नंतर दोनदा निरोप पाठवला, मुलीच्या लग्नाला स्वतः बोलवायला आला. ती गेली नाही. दार लावून घेतलं.

ती अजून आहे. मला रस्त्यात भेटली की थांबते, माझ्या गालावरून हात फिरवते आणि लोकांना सांगते, ही बोलत न्हाई जास्त, पण खोटं बोलायची न्हाई.