सोमवारचा ताप

ऐंशीच्या दशकात घाटकोपरच्या चाळीत आम्ही चौघं राहायचो: आई, मी, बायको आणि माझी धाकटी बहीण. बहीण औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. एका वर्षी तिला थंडी वाजून ताप यायला लागला. लघवीला जळजळ व्हायची, कंबर धरून बसायची. डॉक्टर म्हणाले, पाणी फार कमी पिते. बायको जवाचं पाणी उकळून द्यायची. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, असंच चाललं तर किडनी जाईल.

ताप बहुतेक सोमवारीच चढतो, हे माझ्या लक्षात आलं. गणपतीत कंपनीला सलग सुट्टी होती, तेव्हा तर तिला ॲडमिट करावं लागलं. आई म्हणाली, कामाचा कंटाळा. मला ते पटेना. थर्मामीटर खोटं बोलत नाही.

बायकोला मात्र दिसलं होतं की एरवी कंपनीतच उरकून येणारी बहीण सुट्टीच्या दिवशी गॅलरीच्या टोकाच्या संडासाकडे फिरकतच नाही, आणि जावं लागू नये म्हणून पाणी पीत नाही. वेणी घालताना तिने विचारलं, तेव्हा बहीण बोलली. चाळीत डबा घेऊन निघालेलं माणूस अख्ख्या मजल्याला दिसतं. धुळवडीच्या दुपारी जिन्याजवळच्या खोलीतल्या माणसाने तिला जाताना पाहिलं, मागोमाग शिरला आणि आतून कडी घातली. खाली ढोल वाजत होते. तिचं ओरडणं कुणाला ऐकू आलं नाही.

पोलिसांत जायला आई तयार नव्हती, लग्न जमणार नाही म्हणून. बहीणही नको म्हणाली. तो माणूस रोज जिन्यात उभा असायचा. मला विचारायचा, “काय भाऊ, ड्यूटी का?”

बायको तिच्यासोबत जाऊन दाराबाहेर उभी राहायची. तरी तिला लघवी होत नसे. मी खोली विकून बोरिवलीला, संडास घरातच असलेली जागा घ्यायचं ठरवलं.

“मी जायचं, दादा? तो नाही?”

“आधी तुझी किडनी,” मी म्हणालो.

बोरिवलीत ताप थांबला. रिपोर्ट चांगले आले, डॉक्टर म्हणाले, बरी झाली. ती मात्र आत गेली की मधूनमधून हाक मारायची, “वहिनी, आहेस ना गं?” बाहेर जिन्यात पावलं वाजली की बोलणं सोडून दाराची कडी बघायची. माझ्याशी त्याबद्दल पुन्हा बोलली नाही. तो त्याच खोलीत राहतो, हे मला ठाऊक होतं, आणि तिलाही.