विमानाने गेलेलं पत्र

कापड रंगवण्याची विद्या शिकायला हे विलायतेला निघाले, तेव्हा मी त्यांना पोचवायला सोलापूर स्टेशनावर गेले नव्हते. दोन वर्षं दूर राहणं मला सोसणार नव्हतं. "जायचं तर खुशाल जा, माझं पत्र येणार नाही," असं रागात बोलून बसले आणि आठ महिने हट्टाने एक ओळ लिहिली नाही. देवावरूनही मन उडालं होतं. सिद्धेश्वराला जायचे ते केवळ पायांच्या सवयीने.

एका सकाळी विमानाच्या टपालाने ह्यांचं पत्र आलं. पोटात गाठ झाली आहे, लंडनच्या इस्पितळात शस्त्रक्रिया ठरली आहे, असं लिहून खाली होतं, "तू रागावतेस तेही मला गोड वाटतं. पण शस्त्रक्रियेआधी तुझं अक्षर दिसलं असतं तर धीर आला असता." दिवस मोजले. अकराच उरले होते. बोटीच्या टपालाला पंधरवड्याहून जास्त लागे. तार करता आली असती, पण तारेत माझं अक्षर कुठलं?

तशीच देवळात गेले. "चूक माझी आहे, शिक्षा त्यांना नको," एवढंच म्हणता आलं. तळ्याच्या पायरीवर बसून लिहिलं, "बोलले ते विसरा. मी तुमची वाट पाहते आहे." आणि पोस्टात धावले.

खिडकीत पांढऱ्या दाढीचे एक मुसलमान कारकून होते. "टपालाची थैली तर स्टेशनावर गेली की, बाई," ते म्हणाले. मला रडू आवरेना. त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि हलकेच समजावलं, "कराचीपर्यंत आगगाडी, तीन दिवस. तितनं विमान. पाच हजार मैल हाय, पण सात दिवसांत लंडन. मात्र विमान आठवड्यातनं एकदाच. आजची गाडी चुकली की संपलं. गाडीला टपालाचा डबा असतोय, तितं पत्र घेतात. चला, रडू नका."

त्यांनी तिकिटं चिकटवली, खिडकी सोबत्याकडे सोपवली आणि टांगा बोलावला. गाडीची वेळ टळून गेली होती. तरी ती फलाटावर उभीच होती. "तुमच्याच हातानं टाका," ते म्हणाले. मी पत्र टाकलं आणि गाडी हलली.

आठव्या दिवशी वर्तमानपत्रात आलं की वाळूच्या वादळामुळे विमान वाटेत दोन दिवस अडकलं आहे. म्हणजे पत्र वेळेवर पोचत नव्हतं. त्या दिवशी मी मोजणं सोडलं आणि देवासमोर नुसती बसून राहिले.

चौदाव्या दिवशी तार आली, "सुखरूप. पत्र मिळालं." पुढे ह्यांचं सविस्तर पत्र आलं. ऐन वेळी सर्जनलाच ताप आला, शस्त्रक्रिया दोन दिवस लांबली, आणि आदल्या संध्याकाळी माझं पत्र हाती पडलं. ते उशाशी घेऊन हे निजले होते.

पेढे घेऊन मी पोस्टात गेले. "गाडी थांबलेली असेल हे तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

ते हसले. "मला कुटं ठाऊक होतं? तुमी लई रडत होता, म्हणून निघालो."

तिथून सिद्धेश्वराला गेले. मागण्यासारखं काही उरलंच नव्हतं. डोकं टेकवलं आणि बराच वेळ तसंच राहू दिलं.