आत्या हयात आहे

आमच्या आत्याइतकं कायदेशीर जिवंत माणूस अख्ख्या नांदेड जिल्ह्यात सापडायचं नाही. तुम्ही-आम्ही नुसते सवयीने जगतो. आत्या दरवर्षी सही-शिक्क्यानिशी जगते. नायगावजवळच्या आमच्या खेड्यातून नर्सिंग शिकून ती जर्मनीला गेली, वीस वर्षं तिथल्या इस्पितळात राबली आणि परत आली ती तिथले नियम अंगात भिनवूनच. लग्नाला ती पत्रिकेतल्या वेळेवर पोचते, तेव्हा मांडवात फक्त ती आणि मांडववाला असतो. पेन्शनचा विषय निघाला की तिला थांबवणं अवघड. "पगारातून त्यांचंबी कापायचे, माझंबी कापायचे. जात इचारली न्हाई, कातडी पाहिली न्हाई. कापताना सारखं, देताना सारखं!" एवढं सांगून झालं की समोरच्याला चहा मिळतो.

ही पेन्शन इथे नांदेडात चालू राहायची, तर दरवर्षी तिकडून हयातीच्या दाखल्याचा कागद येतो. बाई समक्ष हजर होती, असं इथल्या एखाद्या अधिकाऱ्याने त्यावर लिहून द्यायचं. दोन वर्षांपूर्वी मी तिला एका कचेरीत घेऊन गेलो. साहेबांनी फायलीतून मान वर न काढता सही ठोकली. आत्याने कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

"साहेब, मला पाहिलं का तुम्ही?"

"झाली ना सही, आजी?"

"सही झाली हो. पाहिलं का?"

"मागं लाईन लागलीय. चला!"

आत्याने कागदाचे चार तुकडे केले आणि टेबलावर ठेवले. "न पाहता जित्ती लिहिता, उद्या न पाहता मेलेलीबी लिहिसाल."

मुदत गेली आणि पेन्शन बंद पडली. माझे वडील, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, घरी येऊन ओरडले, "अक्का, गप घेतली असती सही तर काय झालं असतं?"

"खोटी होती ती," एवढंच ती म्हणाली. दूध बंद करून दोन महिने काळा चहा पिऊन राहिली, पण आमच्या पैशांना हात लावला नाही.

मग नवा कागद आला. पुन्हा तीच कचेरी, तेच साहेब, तीच खाली घातलेली मान. या खेपेला आत्याने सरळ त्यांचं मनगट धरलं. "नाडी लई पळून राहिली तुमची. बीपी कधी तपासलं?"

साहेबांनी दचकून वर पाहिलं. पेन खाली ठेवलं. "दोन-तीन वर्षं झाली, आजी."

पुढची दहा मिनिटं पापड, लोणचं आणि जागरण यांवरून साहेबांची जी खरडपट्टी निघाली, ती मागची सगळी लाईन मुकाट ऐकत होती. शेवटी साहेबांनी तिचं नाव मोठ्याने वाचलं, तिच्याकडे नीट पाहिलं आणि सही केली. महिन्याभरात पेन्शन सुरू झाली.

ऑटोत बसल्यावर मी हसत म्हणालो, "आत्या, एका सहीपायी केवढा तमाशा!"

ती बाहेर बघत राहिली. "एकटीचं घर हाय रे माझं. वर्षातून एकदा तरी कुणी नीट पाहून म्हणावं, हाव, ही हाय."

तिच्या घरापासून माझं घर दोन गल्ल्यांवर आहे.