गप बसा, गाडी बोलालीया

लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर, त्याची लाकडी मूठ उजव्या कानाला, डोळे मिटलेले आणि डाव्या हाताचं एक बोट वर. मेस्त्रींना आठवायचं तर मला असंच आठवावं लागतं. त्या वर केलेल्या बोटाचा अर्थ उद्यमनगरातल्या सगळ्या गॅरेजवाल्यांना ठाऊक होता. ज्याला ठाऊक नसेल त्याला ते स्वतः सांगायचे, "गप बसा जरा पावणं. गाडी बोलालीया."

आता गप बसणं हा माझा स्वभाव नाही. मी हुपरीहून पैंजणांची पिशवी मांडीवर घेऊन एसटीनं कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, यायचो आणि दुकानांच्या पायऱ्यांवर उभा राहून भांडून भाव मिळवायचो. आज त्याच गुजरीत माझं दुकान आहे. ते काही गप बसून झालेलं नाही. त्यामुळे पहिल्याच भेटीत गॅरेजच्या दारात या माणसानं मला बोट दाखवलं तेव्हा माझं डोकं फिरलं. पण निघून जायची सोय नव्हती. गाडीचं दुखणं असं होतं की दुसऱ्या कुणाला सापडत नव्हतं.

गाडी ऑटोमॅटिक. क्लच नाही, गिअर तिचे तीच बदलते. जुनी, पण दणकट. ती मी घेतली होती दाजींकडून, म्हणजे कोडोलीला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, नवऱ्याकडून. घेऊन महिना झाला नसेल, डॅशबोर्डवर दातेरी चाकाचं पिवळं चित्र पेटलं. गिअरबॉक्सचा दिवा. काही वेळानं आपोआप विझला. मग कधी दोन दिवसांनी लागे, कधी आठवडाभर नाही. एका मोठ्या वर्कशॉपनं मशीन लावून बघितलं आणि गिअरबॉक्सच बदलायला सांगितला.

मी तिथूनच दाजींना फोन लावला. ते म्हणाले, "माज्याकडं हुती तवा कधी लागला न्हाय बा दिवा." मग मी जे बोललो ते मेहुण्यानं दाजींना बोलायचं नसतं. फोन स्पीकरवर होता, अक्का शेजारी होती, हे मला नंतर कळलं.

त्या दिवाळीत मी भाऊबीजेला कोडोलीला गेलो नाही. अक्कानं गावातल्या कुणाच्या तरी हाती फराळाचा डबा पाठवला. मी तो रिकामा परत पाठवला. आपल्याकडं डबा रिकामा परत देत नाहीत. मला हे माहीत नव्हतं असं कुणी समजू नका. माहीत होतं म्हणूनच पाठवला.

तर मेस्त्रींकडं मी गेलो तो दुरुस्तीसाठी कमी आणि साक्षीसाठी जास्त. "दोष जुना आहे, गाडी विकायच्या आधीचा आहे," एवढं मला त्यांच्या तोंडून हवं होतं. ते मिळालं की मी कोडोलीला जाणार होतो, दाजींच्या अंगणात गाडी उभी करणार होतो, चावी त्यांच्या पुढ्यात टाकणार होतो आणि तो उंबरा पुन्हा चढणार नव्हतो.

मेस्त्रींनी माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणजे मला तसं वाटलं. माझं बोलणं संपल्यावर म्हणाले, "दाजींचं ऱ्हाऊ द्या. दिवा लागला तवा काय चाललं हुतं?"

"काय चालणार? दाजींना शिव्या देत होतो."

"त्येच्या आधी?"

"पुढच्या रिक्षावाल्याला."

"हां," ते म्हणाले आणि बॉनेट उघडलं. त्या 'हां'मध्ये काही होतं का, हे मी त्यांना पुढे अनेकदा विचारलं. ते म्हणत, होतं. माझा अजून विश्वास नाही. हा माणूस बढाया मारायचा, हेही सांगितलं पाहिजे.

गिअरबॉक्सचं तेल त्यांनी पांढऱ्या फडक्यावर घेतलं आणि फडकं सरळ माझ्या नाकापुढं धरलं. "वास घ्या."

"मी कशाला?"

"गाडी कुणाची हाय? घ्या की!"

तेल लालसर होतं, वास साधा तेलाचा. "जळका यायलाय का? न्हाय. मग गिअरबॉक्सला का बदनाम करताय?" ते असं बोलले जणू मी त्यांच्या घरच्याच माणसाला नावं ठेवली होती. मग त्यांनी आपलं मशीन लावलं. मोठ्या वर्कशॉपला दिसली होती तीच तक्रार त्यांनाही दिसली. पण ते म्हणाले, ही तक्रार तीन घरची असू शकते: गिअरबॉक्सची, त्याला हुकूम देणाऱ्या डब्याची, किंवा त्या डब्याला वीज नेणाऱ्या तारांची. "आरडाओरडा ऐकू आलाय. घर सापडायचं हाय."

बॅटरी नवी होती. तारा त्यांनी हलवून, ओढून, वाकवून बघितल्या. काही निघालं नाही. मग ट्रायल. ट्रायलचे त्यांचे नियम होते. गाडी मालकानं चालवायची, मेस्त्री मागच्या सीटवर मधोमध बसणार, डोळे मिटून. रेडिओ बंद, काचा बंद, बोलणं बंद आणि हॉर्न बंद. "हॉर्न वाजला की कान मरतोय माजा." पाठीमागं देव बसवून गाडी हाकावी तसा मी रंकाळ्याला वळसा घालून यायचो. कुणी आडवं आलं तरी दात आवळून थांबायचो. दिवा लागायचा नाही.

मेस्त्रींना गॅरेजला सोडून मी घराकडे वळलो की लागायचा.

हे किती दिवस चाललं म्हणून सांगू! मी चिडून परत जायचो, ते शांतपणे म्हणायचे, "लाजालाय माज्याम्होरं." मी म्हणायचो, तुम्हाला जमत नाही ते कबूल करा. ते म्हणायचे, "मला जमत न्हाय असा दिवा अजून बनलेला न्हाय." आणि पुन्हा ट्रायल. पण एक सांगतो. दुकानात गिऱ्हाईक नसलं की हळूहळू माझंही डोकं दाजींवरून त्या दिव्यावर जायला लागलं होतं. घाटात लागतो का? गार हवेत? एसी लावल्यावर? मी मेस्त्रींना फोन करून सांगायचो आणि ते तितक्याच कुतूहलानं विचारायचे, "आनि मग?"

गॅरेजच्या शेजारी चहाची टपरी होती. तिथल्या फ्रीजचा आवाज बदलला की मेस्त्री स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तिकडे जायचे, मूठ कानाला लावायचे आणि फ्रीजखाली लाकडाची एक चकती सरकवायचे. टपरीवाला त्यांना चहाचे पैसे लावायचा नाही. ते म्हणायचे, "फ्रीजला काय झालं न्हवतं. फरशी वाकडी हाय. पर त्याला सांगू नका."

शेवटी ऊसतोडीच्या दिवसांत मोठी ट्रायल घ्यायचं ठरलं. गडमुडशिंगीच्या रस्त्यानं निघालो. मागं मेस्त्री, डोळे मिटलेले. एका वळणावर उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर शेतातून एकदम रस्त्यावर आला. गाणी मोठ्यानं लावलेली, मागं बघायचं नाव नाही. एवढे दिवस आवळून धरलेले दात सुटले. मी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही.

"हॉर्न!" मेस्त्री मागून किंचाळले. आणि मग एकदम वेगळ्या आवाजात, "वाजवा. परत वाजवा."

मी डॅशबोर्डकडं बघितलं. दातेरी चाक पिवळं पेटलं होतं.

गाडी कडेला घेतली. बंद केली, परत चालू केली. दिवा विझेपर्यंत थांबलो. हॉर्न बराच वेळ दाबून धरला. दिवा लागला. पुन्हा विझेपर्यंत थांबलो, पुन्हा दाबला, पुन्हा लागला. मेस्त्री मागच्या सीटवर लहान पोरासारखे टाळ्या पिटत होते. शेजारच्या रानातून एक म्हातारा विळा घेऊन बांधावर आला. "काय येड लागलंय व्हय रं? म्हशी बुजाल्यात माज्या!"

"दिवा सापडला मामा!" मेस्त्री ओरडले.

"दिवसा?" म्हातारा म्हणाला आणि परत गेला.

मेस्त्री खाली उतरून गाडीखाली शिरले. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग आतून आवाज आला, "ह्यो हॉर्न कंपनीचा न्हाय."

नव्हताच. दाजींच्या गाडीचा हॉर्न अगदी मिळमिळीत होता. मी तो काढून हवेच्या पंपावर वाजणारा, ट्रकला शोभेल असा हॉर्न बसवून घेतला होता, भाव पाडून. बसवल्यावर पहिल्यांदा वाजवला तो कोडोलीत, अक्काच्या गल्लीच्या तोंडाशी. सगळी गल्ली बाहेर आली होती.

हॉर्न बसवणाऱ्यानं त्याची अर्थिंगची तार जिथं जागा दिसली तिथं जोडली होती, आणि ती जागा नेमकी गिअरबॉक्सला हुकूम देणाऱ्या डब्याच्या अर्थिंगची होती. बोल्ट नीट आवळला नव्हता. हॉर्न बराच वेळ वाजत राहिला की तो सगळी वीज ओढायचा, डब्याला कमी पडायची आणि डबा घाबरून दिवा लावायचा. तो हॉर्न मी दाबून धरायचो तो चिडल्यावरच. आणि चिडल्यावर डॅशबोर्डकडं कोण बघतो? बघायचो ते नंतर, आणि मग दाजींची आठवण व्हायची.

मेस्त्री बाहेर आले. हात पुसत म्हणाले, "हॉर्न कवा बसवला?"

मी गप बसलो. इतके दिवस ते मला जे सांगत होते ते मी पहिल्यांदाच आपणहून केलं.

पण फार वेळ नाही. "मेस्त्री, बोल्ट आधीच ढिला असंल की. दाजींच्या वेळंपासून. थोडा तरी."

ते हसले. "भाव करताय व्हय? थोडा तुमी, थोडं दाजी?" मग हसू थांबवून म्हणाले, "आवो, मीच ट्रायलला हॉर्न वाजवू देत न्हवतो. पैल्या दिवशी वाजवला असता तर पैल्या दिवशी सापडलं असतं. मी कुणाला निम्मं देऊ?"

ते असं काही कबूल करतील असं मला वाटलं नव्हतं. पुढे उद्यमनगरात ही गोष्ट सांगताना त्यांनी हा भाग कायम गाळला.

"हॉर्नला सोतंत्र तार टाकून देतो," ते म्हणाले. "बिनधास्त वाजवा. का काढू?"

"काढा."

"काढायची मजुरी येगळी."

त्यावरून आमचं अर्धा तास वाजलं. मी जिंकलो असं मला वाटतं.

त्याच रविवारी कोडोलीला गेलो. गल्लीच्या तोंडाशी हात सवयीनं हॉर्नकडं गेला आणि तसाच मागं आला. कुणी बाहेर आलं नाही. दारात जाऊन हाक मारावी लागली. दाजी अंगणात शेंगा फोडत बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग गाडीकडं.

"दिवा?"

"हॉर्नचा होता. माझा हॉर्न."

त्यांनी शेंगांचं सूप माझ्याकडं सरकवलं. "बसा. फोडा."

अक्का आतून आली. रिकाम्या डब्याचा विषय तिनं काढला नाही. निघताना मात्र तोच डबा भरून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "घरात बघ, उघडू नगंस हितं." त्यात काय होतं ते मी सांगणार नाही. गाडीच्या किमतीबद्दल मात्र माझं म्हणणं अजून कायम आहे. दाजींनी जास्त लावली.

त्यानंतर गाडीला काही झालं नसलं तरी मी मेस्त्रींकडं जाऊन बसायचो. तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल, ज्याच्या दारात आपण काम नसताना थांबतो आणि काहीतरी काम उकरून काढतो. मी म्हणायचो, गाडी जरा जड चाललीय का बघा. ते स्क्रू-ड्रायव्हर लावायचे, बोट वर करायचे, आणि मग डोळे उघडून म्हणायचे, "गाडी बरी हाय. तुमी कसं हाय?"

गेल्या महिन्यात दाजी दवाखान्याच्या कामासाठी कोल्हापूरला आले होते. परतताना मी मुद्दाम उद्यमनगरातून गाडी घातली. दाजींना तो माणूस दाखवायचा होता. गॅरेजचं शटर खाली होतं. टपरीवाला बाहेर आला आणि मी विचारायच्या आधीच म्हणाला, "मेस्त्री गेलं की पावणं. पंधरवडा झाला. झोपेतच." मग जरा थांबून, कुणाशी तरी बोलावं म्हणून बोलल्यासारखा म्हणाला, "फ्रीज परत वाजालाय. कुणाला दाखवू, कळंना."

मी गाडीतून उतरलो नाही. इंजिन चालूच होतं. डॅशबोर्डकडं बघितलं. सगळं काळं, स्वच्छ. तेव्हा ज्याला एवढ्या शिव्या दिल्या तो दिवा लागला असता तर बरं झालं असतं, असं वाटलं.

शेजारच्या सीटवर दाजींनी घसा साफ केला. काहीतरी समजुतीचं बोलणार होते. माझं बोट आपोआप वर गेलं.

"गप बसा जरा दाजी."

दाजींनी बोटाकडं बघितलं, मग शटरकडं. मी अर्धी उघडी काच पूर्ण खाली केली. टपरीतला फ्रीज खडखडत होता. आम्ही दोघंही ऐकत राहिलो.